घरपोच भाजी चांगली, पण ॲपला डांगर ठाऊक नाही

जळगाव शहरात भाजीपाला आणि किराणा घरपोच देणाऱ्या ज्या काही सेवा सध्या चालतात, त्यांपैकी एका मोठ्या सेवेचा आमच्या घरात नियमित वापर होतो, आणि शेजारपाजारच्या बायकांनी तिच्याविषयी इतक्यांदा विचारले की एकदा सविस्तर लिहून टाकावे असे ठरवले. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही. पुढे जे दोष सांगणार आहे ते कमीअधिक प्रमाणात अशा साऱ्याच सेवांत आढळतात. माझी तक्रार त्यांच्या मालाबद्दल फारशी नाही, मालाला दिलेल्या नावांबद्दल आहे.

व्यवहाराच्या बाजूने पाहता सेवा समाधानकारक आहे. रात्री नोंदवलेली मागणी दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येते, ठरावीक रकमेच्या वर खरेदी केल्यास डिलिव्हरी चार्ज लागत नाही, आणि वजनात खोट आढळलेली नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारची वेळ निवडली तर मेथी आणि कोथिंबीर मान टाकूनच येते. म्हणून पालेभाजीसाठी सकाळचीच वेळ घ्यावी. कांदे-बटाटे बाजारापेक्षा किंचित महाग पडतात, तेल आणि डाळी मात्र स्वस्त मिळतात. खराब निघालेल्या मालाचा फोटो पाठवला की पैसे परत मिळतात, फक्त ते बँकेत न येता ॲपमधल्याच खात्यात जमा होतात, म्हणजे पुन्हा तिथेच खर्चावे लागतात. एवढ्यावर परीक्षण संपवता आले असते.

खरी अडचण शोधाच्या चौकटीत आहे. ॲपची भाषा मराठी निवडता येते, ही सोय पाहून प्रथम बरे वाटले; परंतु समोर येणारी मराठी नेमकी कोणाची, हा प्रश्न पहिल्याच पानावर पडतो. काही नावे यंत्राने शब्दाला शब्द लावून केल्यासारखी आहेत. दुधी भोपळा कित्येक महिने ‘बाटली भोपळा’ या नावाने विकला जात होता. अशा चुका हसून सोडून देता येतात, कारण तसे कोणताच मराठी माणूस बोलत नाही आणि कोणीतरी लक्षात आणून दिल्यावर त्या दुरुस्तही होतात. अधिक चिवट प्रश्न आहे तो अस्सल मराठी नावांचाच, जी पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात अगदी बरोबर आहेत आणि तापीकाठी अनोळखी आहेत.

ज्या भाजीला आम्ही लहानपणापासून गिलके म्हणत आलो, ती ॲपवर ‘घोसाळी’ या नावाने आहे आणि दोडके ‘शिराळी’ या नावाने. पावसाळ्यात गिलक्याची भजी झाली नाहीत असे घर खानदेशात शोधून सापडायचे नाही, आणि तरीही या सेवेच्या शोधात अगदी अलीकडेपर्यंत ‘गिलके’ लिहिले असता प्रथम ‘काहीही आढळले नाही’ असे उत्तर येत असे व त्याखाली, अक्षरांच्या साधर्म्यामुळे असावे, गिलोयच्या रसाची बाटली सुचवली जात असे. गिलोय म्हणजे आपली गुळवेल. भजी करायला बसलेल्या बाईला काढ्याची बाटली दाखवणारा दुकानदार आमच्या गावात आठवडाभरही टिकला नसता.

घोसाळी आणि गिलके यांत निदान गोंधळ होत नाही. एक शब्द माहीत नसतो, एवढेच. गोंधळ होतो तो एकच शब्द दोन मुलखांत दोन वस्तूंना लागतो तेव्हा, आणि त्याचे सर्वांत चोख उदाहरण म्हणजे डांगर. खानदेशात डांगर म्हणजे खरबूज. नाशिक-नगरच्या बाजूला डांगर म्हणजे लाल भोपळा, ज्याला आम्ही गंगाफळ म्हणतो. आणि कोकणातल्या किंवा पुण्यातल्या जुन्या घरात डांगर म्हटले की उडदाच्या पिठाचे, ताक किंवा दही घालून कालवलेले तोंडीलावणे समोर येईल. तीनही ठिकाणची माणसे तो शब्द आईच्या तोंडून शिकलेली असतात, त्यामुळे आपल्या डांगराबद्दल कोणाच्याही मनात तिळभर शंका नसते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावाने मातीची घागर भरतात. तिच्यावर डांगर ठेवायचे, सोबत आंबे आणि सांजोऱ्या ठेवायच्या, आणि पुरणपोळी व आमरसाचा नैवेद्य दाखवायचा, ही रीत. सासुरवाशिणी याच सणाला माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. त्या दिवशी घरात डांगर नसणे म्हणजे पूजा अडून राहणे. मागच्या आखाजीला सासूबाईंनी आदल्या रात्री स्वतः फोन हातात घेऊन ‘डांगर’ लिहिले. समोर नारिंगी गराच्या फोडीचे चित्र आले. ते खरबुजाचे आहे असे त्यांना वाटले यात नवल नाही, कारण त्यांच्या लेखी डांगराची दुसरी फोड असूच शकत नव्हती. सकाळी पिशवीतून निघाला तो प्लॅस्टिकच्या पट्टीत गुंडाळलेला, बिया काढून चिरलेला लाल भोपळा.

पिशवी देणारा मुलगा धरणगावकडचा होता. सासूबाईंचा चेहरा पाहून तोच म्हणाला, “आजी, हाई ते गंगाफय शे, तुम्ही ते डांगर मांगेल व्हतं ना?” मागणी, चित्र, पावती यांपैकी काहीही न वाचता त्याला जे कळले, ते एवढ्या मोठ्या यंत्रणेला कळले नव्हते. नाक्यावरच्या हातगाडीवरून त्यानेच डांगर आणून दिले आणि फळाच्या किमतीपेक्षा एक पैसा जास्त घेतला नाही. ग्राहक सेवेच्या फोनवर मात्र उलटा अनुभव आला. प्रतिनिधी प्रथम हिंदीत आणि मग मराठीत अत्यंत नम्रपणे बोलला, आणि तितक्याच नम्रपणे त्याने मला समजावले की मॅडम, लाल भोपळ्यालाच डांगर म्हणतात. त्याच्या गावी म्हणत असतील, याबद्दल माझा वाद नव्हता. माल खराब नाही, या कारणासाठी पैसे परत मिळाले नाहीत. सेवेच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच असेल. नियम करणाऱ्याला दोन डांगरे असू शकतात हे ठाऊक नव्हते, इतकेच.

आता कोणी म्हणेल की इतक्या बोलींचे इतके शब्द एका ॲपने कुठवर लक्षात ठेवायचे. याला उत्तर त्याच ॲपमध्ये आहे. तिथे ‘मुरमुरे’ लिहा, ‘चुरमुरे’ लिहा किंवा ‘कुरमुरे’ लिहा, तीनही शब्द एकाच पाकिटापाशी नेऊन सोडतात. पुणे-कोल्हापूरकडचे लोक चुरमुरे म्हणतात आणि मुंबईचे कुरमुरे, हे यादी करणाऱ्याच्या कानावर पडलेले असल्यामुळे त्याने एका मालाला तीन नावे जोडली. आमच्या मुरमुऱ्यांना त्याचा लाभ आपोआप मिळाला. म्हणजे तंत्र उपलब्ध आहे, वापरातही आहे. ते गिलक्यापर्यंत इतके दिवस पोहोचले नव्हते, कारण गिलके म्हणणारा माणूस यादी करताना खोलीत नव्हता.

आणखी एक गोष्ट वापरता वापरता ध्यानात आली. पाकिटबंद मालाच्या बाबतीत हा त्रास जवळजवळ नाही. उपवासाच्या ज्या धान्याला पुण्यात वरीचे तांदूळ म्हणतात त्याला आम्ही भगर म्हणतो, आणि ‘भगर’ लिहिताच ती समोर येते, कारण पाकिटावरच तसे छापलेले असते. छापलेले नाव ॲप जसेच्या तसे उचलते. अडते ते सुट्या मालापाशी, ज्याला लेबल नसते आणि ज्याचे नाव दुकानदाराच्या आणि गिऱ्हाइकाच्या तोंडातच असते. भाजी, धान्य, पीठ, घरगुती मसाले, वाळवणे ही सारी त्या सदरात येतात, आणि खानदेशी स्वयंपाक नेमका त्यांच्यावरच उभा आहे.

दादर घ्या. दादर ही आमच्याकडची रब्बीची ज्वारी, तापी खोऱ्यातल्या काळ्या कसदार जमिनीत जिरलेल्या ओलीवर येणारी. तिच्या भाकरीची चव ज्याच्या जिभेवर बसली आहे त्याला दुसरी ज्वारी चालते, पण आवडत नाही. ॲपवर ज्वारी आहे, तिच्यात सोलापूरकडची मालदांडी वेगळी दाखवलेली आहे, सेंद्रिय ज्वारी वेगळी आहे, ज्वारीचे पीठ आहे. दादर मात्र नावालाही नाही. शोधात हा शब्द टाकला असता मुंबईतील दादरला माल पोहोचवण्याची चौकशी आहे काय, असे विचारले गेले. हे वाचून घरात सगळे हसले, पण जळगावच्या पत्त्यावर नोंदवलेल्या ग्राहकाला असे विचारावे, यात हसण्यापलीकडेही काही आहे.

कळण्याची गत याहून वाईट. ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून एकत्र दळलेले पीठ म्हणजे कळणा. त्याची भाकरी, वर मिरचीचा ठेचा आणि तेल, हे हिवाळ्यातले आमचे जेवण. इतरत्र कळण म्हणजे कडधान्य शिजवून वर काढलेले पाणी, आणि कळणा-कोंडा म्हटले की गरिबाघरचे निकृष्ट अन्न. ॲपने मला या दोहोंपैकी काहीच न देता काळा चणा दाखवला. काळा मसाला मागितला तर गोडा मसाला येतो, कारण पुण्याच्या पुष्कळ घरांत ही दोन्ही एकाच मसाल्याची नावे आहेत. भाजलेल्या खोबऱ्याचा आणि खड्या मसाल्याचा आमचा झणझणीत काळा मसाला वांग्याच्या रश्शात घालायचा असतो, तिथे गोडा मसाला पडला तर भाजी वाया जाते. शेवभाजीसाठी लागणारी जाड तिखट शेव ‘फरसाण’ या सदरात खाली कुठेतरी आहे, शोधणाऱ्याला चिकाटी हवी. ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडासारखे वाळवण, नाहीतच. बट्टीसाठी गव्हाचे रवाळ पीठही मिळत नाही. ‘चक्की’ लिहिले तर कंपन्यांच्या आट्याच्या पिशव्यांची रांग लागते, जेव्हा आम्हाला चक्की म्हणजे गिरणी म्हणायचे असते.

भरताच्या वांग्यांच्या बाबतीत मात्र थोडे कौतुकही केले पाहिजे. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळाले, आणि सेवेने हिवाळ्यात या हिरव्या-पांढऱ्या, मोठ्या वांग्यांसाठी स्वतंत्र नोंद केली. वांगी या वांग्यांसाठी नावाजलेल्या बामणोदकडची होती की नाही हे सांगता येणार नाही, पण कमी बियांची आणि पातळ सालीची होती, भाजल्यावर साल सहज निघाली. चित्र तेवढे जांभळ्या वांग्याचे लावले होते. इकडे भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांसोबत ठेचतात; त्यात दही घालण्याची पुण्याची पद्धत आम्हाला कोशिंबिरीसारखी वाटते. वांग्यांखाली ‘सोबत हेही घ्या’ म्हणून दह्याचा डबा सुचवला होता, त्यावरून यादी कोणत्या शहरात झाली याचा अंदाज बांधता येतो. केळीच्या बाबतीत तर मौज अशी की केळीच्या जिल्ह्यात राहून आम्हाला ती ‘रोबस्टा’ या नावाने आणि जाळीदार पिशवीत घालून विकली जाते. केळी मात्र मी दारावरच घेते.

बोलून शोधण्याची सोय अलीकडे दिली गेली आहे. सासूबाईंसारख्या, टंकन करण्याचा कंटाळा असलेल्या माणसांसाठी ती वरदान ठरायला हवी होती. पण आमच्या खानदेशातल्या दोन बोलींत, अहिराणीत काय आणि लेवा गणबोलीत काय, ‘ळ’चा ‘य’ होतो: काळा मसाला ‘काया मसाला’, केळी ‘केयी’, गूळ ‘गूय’. माझे माहेर अमळनेरचे, तिथे ‘माझा’ला ‘मना’ म्हणतात. सासर यावल तालुक्यातले, तिथे ‘माहा’. आमचे बोलणे वेगळे असले तरी ‘ळ’ दोघींचाही गळून पडतो. ‘काया मसाला’ ऐकून यंत्राने त्वचेला लावायचे उटणे दाखवले. ऐकणाऱ्या यंत्राला उच्चार कळला, अर्थ त्याने संस्कृतातून लावला. विद्वत्ता कौतुकास्पद आहे, पण रस्सा व्हायचा राहिला. सासूबाई आता यंत्राशी बोलताना शाळेतल्या बाईंसमोर बोलावे तसे जपून, ‘ळ’वर जोर देऊन बोलतात. सत्तरी ओलांडलेल्या बाईला भाजी घेण्यासाठी उच्चार सुधारावे लागावेत, हे मला पटत नाही.

शेजारच्या अकोल्याकडच्या वहिनींची कथा निराळी नाही. त्यांनी कोथिंबीर या अर्थाने ‘सांभार’ लिहिले तर सांबार मसाल्याचे पाकीट आले, आणि पेरू या अर्थाने ‘जाम’ लिहिले तर पावाला लावायच्या जामच्या बाटल्या. विदर्भाचा रेल्वेशी संबंधित मोठा वर्ग भुसावळात पिढ्यान्‌पिढ्या राहतो, तेव्हा ही अडचण आमच्याच एका भाषेची आहे असेही नाही.

आमच्या पिढीला दोन्ही शब्द येतात, हे खरे. शाळेने आणि पुण्यातल्या वसतिगृहाने ते शिकवले. मंडईत घोसाळी म्हणायचे, घरी पत्रात गिलके लिहायचे, हे आम्ही बिनतक्रार करत आलो. परक्या गावी गेल्यावर तिथला शब्द उचलावा, यात काही गैर नाही. पण इथे दुकान आमच्या गावी आले आहे, पत्ता आमचा आहे, पैसे आमचे आहेत. २०११ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ६० हजार लोकांनी आपली मातृभाषा खानदेशी अशी नोंदवली, आणि जे मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहितात पण बाजारात गिलके आणि गंगाफळच मागतात, ते या आकड्यात धरलेले नाहीत. इतक्या गिऱ्हाइकांसाठी शे-दीडशे शब्दांची एक यादी करणे कोणत्याही कंपनीला परवडेल. त्यासाठी भाषातज्ज्ञांची समिती नेमण्याचीही गरज नाही. धुळ्याच्या, नंदुरबारच्या आणि जळगावच्या भाजीबाजारात एकेक दिवस वही घेऊन बसले तरी काम होण्यासारखे आहे. गाव बदलले की अर्थ बदलणाऱ्या डांगरासारख्या शब्दांसाठी दोन्ही वस्तूंची चित्रे समोर ठेवून ‘यांपैकी कोणते?’ असे विचारावे. हातगाडीवाला नेमके तेच विचारतो.

अशी एक यादी मी अभिप्रायाच्या रकान्यात लिहून पाठवली. ‘आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे’ असे छापील उत्तर आले, आणि पुढे बरेच दिवस काहीच घडले नाही. अलीकडे मात्र ‘गिलके’ लिहिल्यावर घोसाळी दिसू लागली आहेत. माझ्या यादीमुळे की आणखी कोणाच्या, ते कळण्यास मार्ग नाही. ‘गंगाफळ’ अजूनही गंगाजलाच्या बाटलीकडे नेते, आणि दादर अजूनही मुंबईतच आहे.

तूर्त पाचपैकी तीन तारे. तेल, डाळी, साबण, भगर आणि हिवाळ्यातली भरताची वांगी निःशंकपणे मागवावीत. मसाला घरचाच वापरावा, कळणा चक्कीवरून दळून आणावा, आणि आखाजीच्या आदल्या दिवशी शोधात चुकूनही ‘डांगर’ लिहू नये, ‘खरबूज’ असेच लिहावे.